दगड तोच, नंबर तोच

"दगड तोच आहे, नंबरही तोच आहे, मग चुकलं कुठं?" एका मोठ्या अधिकाऱ्यानं मला हे विचारलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, पण त्या वाक्याचा राग काही उतरला नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा, असं संपादक म्हणाले. गमती आहेत, त्याही सांगते. पण मला खरं सांगायचंय ते त्या दगडाचं, आणि त्याच्यापायी ज्याच्या नोकरीचं वाटोळं झालं त्या माणसाचं.

आधी मी कोण ते सांगते. मी सोलापूरची, पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरातली. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि विमानतळांवरची यंत्रं तपासणाऱ्या खात्यात चिकटले. आमचं एक छोटं विमान होतं. पुढे दोन वैमानिक, आणि मागे उपकरणांच्या फळीसमोर पट्टा बांधून मी. 'विमानात नोकरी' एवढंच ऐकून गल्लीतल्या बायकांनी मला हवाईसुंदरी ठरवून टाकलं होतं. माझा रंग आणि उंची बघून काहींना शंका यायची, पण तोंडावर कुणी बोललं नाही. सोलापुरातून विमान उडायला लागल्यापासून शेजारपाजारचे विचारतात, "अक्का, तुमाला तिकीट फुकट असंल की?" नसतं हो. हैदराबादला भाचीच्या लग्नाला मी अजून रेल्वेनंच जाते.

काम असं होतं. ढगात किंवा धुरक्यात वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही. तेव्हा धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला बसवलेलं लोकलायझर नावाचं यंत्र त्याला रेडिओ लहरींनी सांगतं, की बाबा, तू मधल्या रेषेच्या डावीकडे आहेस का उजवीकडे. वैमानिकासमोर एक काटा असतो. काटा मध्ये, म्हणजे विमान धावपट्टीच्या मधोमध. त्या काट्यावर भरवसा टाकून तो शंभर-दीडशे माणसं घेऊन खाली येतो. हा काटा खरं बोलतोय का, हे कुणीतरी ठरावीक मुदतीनं तपासायला हवं. ते आम्ही. तोच मार्ग पुन्हा पुन्हा उडायचा, आणि काटा काय म्हणतो ते विमान खरोखर कुठं आहे त्याच्याशी ताडून बघायचं.

पण विमान खरोखर कुठं आहे, हे कुणी सांगायचं? मी लागले तेव्हा धावपट्टीशेजारी एक माणूस थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची दुर्बीण लावून उन्हात उभा राहायचा आणि आमच्या विमानाच्या नाकावरचा दिवा दुर्बिणीत धरून ठेवायचा. त्याला शिंक आली की आमची फेरी वाया. मग उपग्रह आले. लोकांना वाटतं, जीपीएस म्हणजे देववाणी. तसं काही नाही. नुसत्या उपग्रहांवर विसंबलं तर पाच-दहा मीटर इकडंतिकडं सहज होतं. म्हणून जमिनीवर, आधीच बारकाईनं मोजून ठेवलेल्या जागेवर, दुसरा रिसीव्हर ठेवायचा. त्याला त्या जागेचे आकडे भरून दिलेले असतात. त्यामुळे उपग्रह या घडीला किती चुकताहेत ते त्याला कळतं, आणि तेवढी दुरुस्ती तो रेडिओवरून विमानाला पाठवतो. मग विमानाची जागा वीतभर फरकानं सांगता येते. ही मोजलेली जागा म्हणजे सिमेंटचा हातभर ठोकळा, त्याच्या डोक्यात पितळी खिळा आणि शेजारी पट्टीवर नंबर. आम्ही त्याला नुसतं 'दगड' म्हणायचो. सगळ्या आकाशाचा हिशेब त्या दगडापासून सुरू व्हायचा.

एकाच मार्गावर वीस-वीस फेऱ्या मारणारं विमान खालच्या लोकांना येडं वाटतं. एका गावच्या सरपंचांनी तर पोलिसांना फोन केला होता, "सकाळधरनं एक इमान वाट चुकलंय बगा. आमच्या शाळंच्या पटांगनात उतरवा म्हनावं, पोरं बाजूला काढल्यात." खरोखरच पोरांना बाजूला काढून त्यांनी चुन्याची फक्की मारून ठेवली होती. वरून आम्हाला ती दिसली, पण कशासाठी आहे ते संध्याकाळी कळलं. इतकी मायेची माणसं त्या नोकरीत मला फार भेटली नाहीत.

कारण माया ऑफिसात नव्हती. आमच्या विमानात मोरी नव्हती. चार-चार तास उडायचं, तेही भर दुपारी, खालच्या तापलेल्या हवेत गचके खात. पुरुषांचं कसंतरी भागायचं. मी सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. दोनदा मूतखडा झाला. लेखी तक्रार केली, तर उत्तर आलं, 'महिला कर्मचाऱ्यांनी उड्डाणापूर्वी आवश्यक ती काळजी घ्यावी.' ज्यानं हे लिहिलं त्याच्या खोलीला लागून स्वतंत्र मोरी होती, हे मी स्वतः बघितलंय.

आणि गिऱ्हाइकं! विमानतळांचे साहेब लोक आमचं स्वागत जावयासारखं करायचे. इडली, उपमा, शाल, श्रीफळ. मग हळूच, "मॅडम, एवढं पास करून टाका ना. पुढच्या वेळेपर्यंत करून घेतो." एकानं तर यंत्रासमोरच गाड्यांसाठी पत्र्याची शेड बांधली होती. लहरी पत्र्यावर आपटून परत यायच्या आणि काटा थरथरायचा. मी म्हटलं, शेड काढा. ते म्हणाले, "शेडचं उद्घाटन झालंय." मी नापास केलं. शेड महिन्यात निघाली. असल्या वेळी मला माझा अभिमान वाटायचा, आणि तो अभिमानच पुढं आड आला.

आता त्या दगडाचं. विमानतळाचं नाव लिहीत नाही. तिथला लोकलायझर बनसोडे यांच्या ताब्यात होता. हे आमचे सोलापूरचेच, बुधवार पेठेतले, वडील गिरणीत होते. आदल्या वर्षी मी तिथं गेले तेव्हा माझं मराठी ऐकून म्हणाले, "मॅडम कुटल्या?" सोलापूरची म्हटल्यावर मॅडमची लगेच अक्का झाली आणि डब्यातली शेंगाचटणी कडक भाकरीसकट पुढं आली. त्यांच्या यंत्राच्या खोलीत चप्पल बाहेर काढून जावं लागायचं. रोजची मापं पेन्सिलीनं वहीत लिहिलेली, वर्षानुवर्षांची, एकही दिवस कोरा नाही. मी खूप खोल्या पाहिल्या. बहुतेक ठिकाणी आमचं विमान येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी वही भरतात.

पुढच्या वर्षीच्या खेपेला पहिल्याच फेरीत काटा मधोमध, आणि माझा स्क्रीन सांगत होता की विमान बावीस मीटर उजवीकडं आहे. धावपट्टी पंचेचाळीस मीटर रुंद. बावीस मीटर उजवीकडं म्हणजे अगदी कडेला, एक चाक मातीत. सूट असते ती दहा-साडेदहा मीटरची. दुसरी फेरी, तिसरी फेरी, तेच. त्या दिवशी धुरकं होतं. पुढचा एक वैमानिक मान वळवून म्हणाला, "मॅडम, खाली बघितलं तर मला मधोमधच वाटतंय." मी म्हटलं, "'वाटतंय' हे रिपोर्टात कुठल्या रकान्यात लिहू?" हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात बोलले होते, आणि आज आठवलं की माझी मलाच चीड येते.

रेडिओवर मी बनसोडेंना सांगितलं, "तुमचं बावीस मीटर उजवीकडं गेलंय. डावीकडं आणा." अशा वेळी खालचा माणूस यंत्राची कळ फिरवतो, आम्ही परत उडतो, असं करत करत काटा जागेवर आणतात. बनसोडे म्हणाले, "अक्का, माझं सरळ हाय. सकाळीच मापं घेतल्यात. गेल्या वर्सापास्नं सूतभर बी हललं न्हाय."

"स्क्रीनवर दिसतंय ना बनसोडे. उपग्रहाचं माप आहे."

"आसंल. पन मी फिरवनार न्हाय. फिरवलं तर वाकडं हुईल."

तेवढ्यात विमानतळाचे साहेब स्वतः यंत्राच्या खोलीत आले. रेडिओ चालू होता, मला सगळं ऐकू येत होतं. चप्पल न काढताच आत आले असणार. म्हणाले, "विमान वाकडं म्हणतंय म्हणजे वाकडं. तू उपग्रहापेक्षा शहाणा आहेस का? फिरव." बनसोडे म्हणाले, "लेखी द्या साहेब, फिरवतो." साहेबांनी लेखी दिलं नाही. असले लोक कधी देत नाहीत. त्यांनी उलट बनसोडेंनाच लेखी दिलं, आदेश न पाळल्याबद्दल मेमो. लोकलायझर बंद ठेवण्यात आला. मी 'असमाधानकारक' असा रिपोर्ट लिहिला, सही केली, आणि आम्ही दुसऱ्या गावाला उडून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्ट हाउसमध्ये चहा पिताना मी आकड्यांचे कागद परत काढले. काढायचं काही कारण नव्हतं, पण बनसोडेंचा आवाज कानातून जात नव्हता. धावपट्टीपासून पाच मैलांवर फरक बावीस मीटर. तीन मैलांवर बावीस. एका मैलावर बावीस. धावपट्टीच्या तोंडाशी बावीस. मी कप खाली ठेवला. यंत्र वाकडं असेल तर त्याची रेषा तिरकी जाते, म्हणजे लांब जाल तसा फरक वाढायला हवा. पाच मैलांवर तो शंभराच्या वर जायला हवा होता. जवळही तेवढाच आणि लांबही तेवढाच, याचा अर्थ एकच. रेषा सरळच होती. आम्ही ज्या जागेवरून मोजत होतो ती जागाच बावीस मीटर सरकली होती. पहिल्या वर्षाला शिकवतात ते हे. वीस वर्षांच्या नोकरीनंतर स्क्रीनकडं बघून ते मला दिसलं नाही.

मी बनसोडेंना फोन केला. "टेप घ्या आणि आमचा दगड मोजून बघा." अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. ते हसत होते, पण हसणं बरं नव्हतं. "अक्का, दगड उपटून दुसरीकडं लावलाय."

झालं होतं असं. तीन महिन्यांपूर्वी कुणी मंत्री येणार म्हणून पाहुण्यांच्या गाड्यांसाठी फरशी घातली. दगड बरोबर मध्ये येत होता. तो मुळासकट काढला आणि पलीकडं कुंड्यांच्या रांगेत नेऊन लावला. गेरू-चुन्याचे पट्टे मारले, पितळी खिळा चिंचेनं घासून लख्ख केला. आमच्या माणसानं नंबर बघितला, जुळला, त्यावर रिसीव्हरची तिवई लावली आणि जुन्या जागेचे आकडे भरले. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं, इतका तो नीटनेटका बसवला होता. ज्या गवंड्यानं तो बसवला त्याला साहेबांनी समोर उभा करून झापलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, उलट सुतात घेतलाय की. पैला वाकडा हुता. लेवल बी लावलीया." त्याच्यावर मला अजिबात राग नाही. त्याला दिलेलं काम त्यानं आमच्यापेक्षा चोख केलं होतं.

राग आहे तो पुढच्या वाक्यावर. मी फोनवर साहेबांना सगळं समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, दगड तोच आहे, नंबरही तोच आहे, मग चुकलं कुठं?" अहो, दगडाला काय करायचंय? दगड म्हणजे जागा! घरावरचा नंबर काढून देवळावर ठोकला म्हणजे तुम्ही देवळात राहायला गेलात का? हे मी त्यांना असंच्या असं विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही चिडताय." हो, चिडत होते. बनसोडेंनी त्या दिवशी ऐकलं असतं, कळ फिरवली असती, तर धडधाकट यंत्र बावीस मीटरनं वाकडं झालं असतं. आणि आम्ही त्याला वरून 'पास'चा शिक्का मारून गेलो असतो. पुढच्या धुरक्यात एखादं विमान भरल्या पोटानं त्या काट्यावर विसंबून खाली आलं असतं. तो मेमो माणसाला नव्हता, त्या विमानातल्या लोकांच्या नशिबाला होता.

पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. दुसऱ्या मोजलेल्या जागेवर रिसीव्हर ठेवला. लोकलायझर मीटरभरही हललेला नव्हता. खाली उतरल्यावर मला वाटलं, आता साहेब बनसोडेंचा हात धरून माफी मागतील. किती बावळट असावं माणसानं! साहेब आणि आमचे पथकप्रमुख खोलीत जाऊन बसले आणि तासाभरानं रिपोर्टाचा मजकूर तयार होऊन बाहेर आला. 'आवश्यक जुळवणीनंतर निकाल समाधानकारक. संबंधित तंत्रज्ञास समज देण्यात आली आहे.' कसली जुळवणी? कुणी केली? दगडाचं नाव नाही, फरशीचं नाव नाही, मंत्र्याचं तर नाहीच. पथकप्रमुख म्हणाले, "दगड हलला असं लिहिलं तर तो न तपासता आपण तिवई लावली, हेही लिहावं लागेल. तुमचं प्रमोशन पुढच्या महिन्यात आहे. सही करा."

मी सही केली.

कारणं खूप सांगता येतील. आई आजारी होती, मला सोलापूरच्या जवळ बदली हवी होती, खात्यात आम्ही दोनच बायका होतो. पण खरं कारण प्रमोशन, आणि न तपासता लावलेल्या तिवईत माझीही चूक होती, हे. घरी आल्यावर अम्माला सगळं सांगितलं. अम्माला लोकलायझर कळत नव्हता, पण तिनं तेलुगूत एकच विचारलं, "तप्पु एवरिदि?" चूक कुणाची? मी म्हटलं, सगळ्यांची. ती म्हणाली, मग त्या एकट्यालाच का?

महिन्याभरानं बनसोडेंचा फोन आला. "अक्का, मेमो तसाच हाय. तुमीच म्हनलात की दगड बगा. तेवढं एक पत्र द्या." मी म्हटलं, बघते. मी बघितलं नाही. त्यांच्या गोपनीय अहवालात 'हेकट, आदेश पाळत नाही' असं बसलं ते बसलंच. दोनदा प्रमोशन हुकलं. लांब, जिथं कुणी जायला तयार नसतं तिथं त्यांना टाकलं. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं त्यांची साहेब झाली. माझं प्रमोशन वेळेवर झालं.

गेल्या नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले, तर रांगेत पुढं बनसोडे. अंगठ्याचं मशीन त्यांचा अंगठा घेत नव्हतं. कारकून म्हणत होता, "काका, मशीन नाही म्हणतंय." बनसोडे भडकले, "मशीन म्हनतंय मी न्हाय, आन् मी तुज्यासमोर हुबा हाय. आता कुनाचं खरं धरनार?" मागं वळले तर मी. त्यांनीच आधी विचारलं, "बऱ्या हायसा का अक्का?" अक्का म्हणाले, हेच मला लागलं.

घरी येऊन मी आमच्या जुन्या खात्याला रीतसर अर्ज केला. तो रिपोर्ट चुकीचा आहे, मी सही करणारी आहे, दुरुस्ती नोंदवून घ्या आणि बनसोडेंवरचा शेरा काढा. पाच महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. 'सदर अभिलेख जतन करण्याचा कालावधी संपल्याने नष्ट करण्यात आले आहेत. सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही.' वा! खोटं वापरून झालं, माणूस संपवून झाला, आणि आता कागद फाडून हातही धुतले.

म्हणून हे लिहिलं, आणि छापायला देण्याआधी घेऊन बुधवार पेठेत गेले. वहिनींनी चहा ठेवला. बनसोडेंनी चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन सगळं सावकाश वाचलं. एका ठिकाणी थांबले. "बावीस मीटर चाळीस हुतं. मी मोजलंतं." मग शेवटापर्यंत वाचून कागद मांडीवर ठेवला.

"चांगलं लिवलंय. लोक हसतील बी, चिडतील बी. तुमचं मन हलकं हुईल." मला बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात म्हणाले, "पन ह्ये तवा लिवायचं हुतं अक्का. तवा माजी पोरगी आटवीत हुती. त्या तिकडं लांब शाळाच नव्हती."

त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला आणि पेन्सिलीनं त्यावर टकटक केलं.

"आन् ह्ये काय, नुसतं बनसोडे बनसोडे? सोलापुरात बनसोडे किती हायत, म्हाईत हाय का? तिकडं तुमी संबंधित तंत्रज्ञ लिवलंत, हितं बनसोडे. पुरं नाव लिवा की. बापाचं गाळू नगा."

लिहिते. लोकलायझर सरळ होता. मी सही केली तो रिपोर्ट खोटा होता. साहेब सांगत असताना, विमान सांगत असताना, मी सांगत असताना, ज्यांनी ते यंत्र वाकडं केलं नाही, त्यांचं नाव प्रल्हाद धोंडिबा बनसोडे.